पदकतक्ता आणि विजोड कुस्ती

देशांच्या क्रीडायशाची तुलना करण्यासाठी वृत्तपत्रे जो पदकतक्ता छापतात, त्यात आधी सुवर्णपदके मोजली जातात आणि ती समान असतील तेव्हाच रौप्य व कांस्यपदकांकडे पाहिले जाते; त्यामुळे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एका सुवर्णपदकाच्या बळावर पाकिस्तान 62 व्या स्थानी गेला, तर एक रौप्य आणि पाच कांस्यपदके मिळवणारा भारत 71 व्या स्थानी राहिला. सुवर्णाला तीन, रौप्याला दोन आणि कांस्याला एक गुण दिला, तर पाकिस्तानचे तीन आणि भारताचे सात गुण होतात. अर्थात हे प्रमाणही माणसांनीच ठरवलेले असते.

पदकांना लोकसंख्येने भागल्यास न्याय होईल असे सहज वाटते, पण मग सुमारे 70 हजार वस्तीचा डॉमिनिका तिहेरी उडीतील एकाच सुवर्णपदकावर शिखरापाशी पोहोचतो आणि भारत पदकविजेत्यांच्या तळाशी जातो. हा हिशेब मोठ्या देशांवर अन्याय करतो, कारण हॉकीत प्रत्येक देशाला एकच संघ उतरवता येतो, मग त्याची लोकसंख्या पाच लाख असो वा 140 कोटी. बेळगावचे बंडू पाटील ज्या संघात होते, त्या 1964 च्या हॉकी संघाचे सुवर्णही तक्त्यात एकच पदक म्हणून उतरले.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मैदानात जोड लावताना मल्लांचे वजन आणि तयारी पाहिली जाते, कारण विजोड कुस्तीच्या निकालातून खरा कस कळत नाही. देशांच्या बाबतीतही लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि प्रवेशमर्यादा पाहून एखाद्या देशाकडून जेवढ्या यशाची अपेक्षा धरता येते, म्हणजे ज्याला ‘अपेक्षित यश’ म्हणता येईल, त्याच्याशी प्रत्यक्ष यश ताडून पाहणे हीच अधिक न्याय्य रीत ठरते. त्यात पदकाखालच्या क्रमांकांनाही गुण हवेत. 1952 मध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव 1948 मध्ये सहावे आले होते, आणि ही चढण पदकतक्त्यात कोठेच दिसत नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. पहिल्या आठांना गुण दिले तरी ती धाव हिशेबाबाहेरच राहते.

खेळांची निवड हा तर त्याआधीचा प्रश्न आहे. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात कांस्यपदक मिळवले, परंतु कुराश ऑलिंपिकमध्ये नसल्यामुळे, गुणांचे प्रमाण कितीही काटेकोर ठरवले तरी, केवळ ऑलिंपिकवर आधारलेल्या क्रमवारीत ते पदक येत नाही.