दारी आलेले वांड पिल्लू

कापूस वेचणीच्या दिवसांत रोहिणखेडच्या शिवारात असे एखादे कुत्रे हमखास भेटते. पाच-सहा महिन्यांचे, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. पण अंगात वारे भरलेले. वेचणाऱ्या बायांच्या मागेमागे ते गावात येते. पोरे भाकरीचा तुकडा टाकतात आणि रात्री ते तुमच्याच ओट्यावर झोपते. सकाळी एका पायाची चप्पल सापडत नाही. मग घरात वाद सुरू होतो, ठेवायचे की हाकलायचे?

वाचकहो, पहिल्या दिवशी यातले काहीच ठरवू नका. महिनाभर सांभाळा, मग ठरवा.

आमच्या घरी असाच एक तांबडा कुत्रा आला. तिसऱ्याच दिवशी त्याने दोन कोंबड्या मारल्या. आजी संतापली. "त्याले मोताळ्याच्या बाजारात सोडून द्या," म्हणाली. आम्ही तसे केले नाही, पण त्याला गोठ्यात साखळीने बांधून टाकले. इथेच आम्ही चुकलो. आठ दिवसांत तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून जाऊ लागला. एकदा शेजारच्या मुलाची विजार त्याच्या दातांत आली. कातडीला दात लागला नाही, हे नशीब.

गुरांच्या डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून पाहिले. सुळे नुकतेच पक्के आले होते, म्हणजे वय सहा-सात महिने. "याला काम नाही, म्हणून हा स्वतःच काम शोधतो," ते म्हणाले.

तेव्हापासून सकाळी उन्हाच्या आत लांब दोरी लावून त्याला वावरापर्यंत पळवत न्यायचे, संध्याकाळी पुन्हा एक फेरी, आणि जेवण पळून आल्यावर थोडे थांबून, असा नेम ठेवला. हाक मारली की यायचे. आला की भाकरीचा तुकडा. कोंबड्यांची सवय मात्र सावकाश लावावी लागली. दोरी हातात धरून त्याला लांब बसवायचे, त्याने कोंबडीवरची नजर काढून आपल्याकडे पाहिले की लगेच तुकडा द्यायचा, आणि रोज थोडे जवळ सरकायचे. कोंबडी मारून झाल्यावर तासाभराने काठी उगारून उपयोग नाही. मार कशाचा, हे त्याला कळत नाही. तुमची भीती तेवढी बसते.

कायदाही हेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेहमी साखळीला असलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडवले-फिरवले नाही, तर तो मालकाचा गुन्हा ठरतो. उपाशी मरेल अशा ठिकाणी विनाकारण सोडून देणे हाही गुन्हाच. आजीला हे सांगितले, तर तिने कोंबड्यांची किंमत कोण देणार, असे विचारले. त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता दुखण्याचे. आल्याबरोबर जंताचे औषध आणि रेबीजची लस द्या. लस तीन महिन्यांच्या वयापासून देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुन्हा टोचून घ्यावी लागते. नसबंदीचेही तेव्हाच विचारून घ्या. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांना पंधरा दिवस वेगळे ठेवा. मुलांना त्याच्या तोंडाशी खेळू देऊ नका. चावला किंवा नखाने ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

रात्री त्याला उघड्यावर बांधू नका. आपल्या डोंगरपट्ट्यात बिबट्या आहे, आणि बांधलेले कुत्रे त्याला आयतेच सापडते. दार लागेल अशा खोलीत किंवा गोठ्यात झोपवा.

महिना संपला तेव्हा ठरल्याप्रमाणे नांदुऱ्याचे पाहुणे तांबड्याला न्यायला आले. कोंबड्या अंगणात होत्या, तांबडा उंबऱ्याशी बसला होता. आजी म्हणाली, "आता कायले नेता त्याले?" पाहुणे चहा पिऊन गेले.

तुमच्या घरी असे जमले नाही, तर मन खाऊ नका. वावरात जागलीला माणूस असतो, कुत्र्याला हिंडायला मिळते, असे घर पाहून द्या. देताना लसीचे कार्ड आणि तो झोपत होता ते पोतेही सोबत द्या. ओळखीचा वास असला की पहिल्या रात्री तो कमी रडतो.