आयडॉल-संगोपनाचे ताल-खेळ : कौशल्य, सोडत आणि मालकी

जपानमध्ये 'आयडॉल' म्हणजे केवळ गायिका नव्हे. चाहत्यांच्या डोळ्यांदेखत घडत जाणारी तरुण कलावंत, असा अर्थ त्या संज्ञेस आहे. या घडण्यात चाहत्याला सहभागी करून घेणारा खेळ म्हणून २०१३ साली तेथे भ्रमणध्वनीवर आलेल्या 'लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल फेस्टिव्हल'कडे पाहावे लागते.

पडद्यावर नऊ पात्रांची चित्रे अर्धवर्तुळात असतात. गाण्याच्या तालावर त्यांच्याकडे सरकणारी वर्तुळे पोहोचताच नेमक्या क्षणी बोट टेकवायचे असते. इथपर्यंत सारे कौशल्याचे. परंतु गुणसंख्या संघातील नऊ कार्डांच्या बलावरही अवलंबून असते आणि दुर्मीळ कार्डे मुख्यतः सोडतीतूनच मिळतात. मूळ सशुल्क सोडतीत सर्वोच्च श्रेणीची शक्यता अवघी १ टक्का होती. 'प्रशिक्षण' म्हणजे नको असलेली कार्डे हव्या असलेल्या कार्डावर खर्ची घालणे. मैत्रीची कथा सांगणाऱ्या खेळात एकीला घडविण्यासाठी दुसरीला नाहीसे करावे लागते, ही विसंगती लक्षणीय आहे.

या सोडतीस 'गाचा' म्हणतात. नाणे टाकताच खेळणे देणाऱ्या यंत्रावरून हे नाव आले. ठरावीक कार्डांचा पूर्ण संच जमविल्यावरच बक्षीस देणारा 'कॉम्प गाचा' हा प्रकार २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार यंत्रणेने बेकायदेशीर ठरविला. साधी सोडत मात्र वैध राहिली.

खेळाडू ज्यासाठी पैसे मोजतो ती वस्तू नसून वापराची परवानगी असते. ३१ मार्च २०२३ रोजी या खेळाची सेवा बंद झाली. त्याच्या उत्तराधिकारी खेळाची जपानमधील सेवाही वर्षभरात, ३१ मार्च २०२४ रोजी थांबली.