बिरडें, मलिदा आणि समुद्रापारची मराठी

कर्जत व खालापूर या तालुक्यांत भाताची कापणी झाली कीं त्याच खाचरांत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. पुढें त्या वालांस मोड आणून, सोलून, नारळ घालून जें कालवण करितात तें बिरडें. आमच्या विद्यार्थ्यांस तें इतकें परिचयाचें आहे कीं त्याविषयीं कांहीं लिहावें असें कोणास वाटणार नाहीं. परंतु ज्या समाजानें आपल्या धर्माच्या एका मोठ्या दुःखाच्या दिवसास या बिरड्याचें नांव दिलें, त्याची हकीकत आमच्या वाचकांस रुचेल असें वाटतें.

हा समाज म्हणजे बेने इस्राएल. त्यांची परंपरा अशी सांगते कीं फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागनजीक नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पुढें हे लोक कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडच्या, गांवोगांवीं पसरले. तेल गाळण्याचा धंदा करावा व शनिवारीं घाणा बंद ठेवावा, यामुळें शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ म्हटलें. गांवावरून आडनांवें पडलीं : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगांवकर, किहीमकर. आपल्या शेजारच्या पनवेल येथें १८४९ सालीं बांधलेलें त्यांचें प्रार्थनामंदिर आहे, आणि पेण येथेंही आहे.

शतकानुशतकें ते मूळ हिब्रू भाषेस पारखे झाले होते. सणांचीं हिब्रू नांवेंही विसरले होते. मग सण ओळखावे कशानें? तर स्वयंपाकघरानें! नव्या तांदळाची खीर नारळाच्या दुधांत शिजवावयाची तो ‘खिरीचा सण’. यरुशलेमेच्या मंदिराचा नाश झाला त्या तिथीस उपवास व बिरडें, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. पापक्षालनाच्या दिवशीं दारें लावून घरांत बसावयाचें, तो ‘दारफाळणीचा सण’. एखाद्या पंडितास यांत अज्ञान दिसेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ग्रंथ हातीं नसतां ज्या गृहिणींनीं चुलीच्या आधारानें धर्माचें पंचांग जपलें, त्यांस अज्ञानी कसें म्हणावें?

नारळाच्या दुधाचें कारणही सांगण्यासारखें आहे. मांस व दूध एकत्र करूं नये असा मोशेच्या नियमशास्त्रावरून आलेला यहुदी लोकांचा कडक निर्बंध आहे. त्यामुळें मांसाच्या रश्शांत दहीं नाहीं, आणि मांसाहारी जेवणानंतर दुधाचें पक्वान्नही नाहीं. कोंकणानें ही अडचण सहज सोडविली. रश्शास नारळाचें दूध, आणि नववर्षाच्या सणास गव्हाच्या चिकाचा जो हलवा करितात त्यासही नारळाचेंच दूध. नियम सिनाय पर्वतावरचा, उपाय आपल्या वाडीतला!

तथापि त्यांच्या घरचा मुख्य पदार्थ म्हणजे मलिदा. पोहे भिजवून त्यांत खोबरें, गूळ किंवा साखर, वेलची व सुका मेवा मिसळतात. ताटांत भोंवतीं फळें मांडतात. आणि एलीया संदेष्ट्याचें नांव घेऊन ईश्वराचे आभार मानितात. लग्नापूर्वीं, नवस फिटल्यावर, नव्या घरांत राहावयास जातांना मलिदा हवाच. एलीयाचा रथ अलिबागजवळच्या खंडाळें गांवीं उतरला व तेथील खडकावर त्याच्या चाकांच्या खुणा उमटल्या अशी त्यांची श्रद्धा आहे. (आपल्या बोरघाटावरचा खंडाळा तो निराळा, तेथें खुणा शोधण्यास कोणी जाऊं नये.) जुन्या करारांत एलीयाची कथा वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तो आपल्या जिल्ह्यांत पोहोंचल्याचें ऐकून मौज वाटेल.

या शब्दाची एक गंमत आहे. वर्तमानपत्री मराठींत ‘मलिदा खाणें’ म्हणजे आडमार्गानें पैसा लाटणें. तेव्हां ‘आज आमच्याकडे मलिदा आहे, अवश्य या’ असें आमंत्रण एखाद्या बेने इस्राएल आजीबाईनें नवख्या शेजाऱ्यास दिलें, तर तो बिचारा आधीं गोंधळेल आणि मग पोहे पाहून ओशाळेल.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मराठी मिशन व डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळांतून या समाजाचीं पुष्कळ मुलें शिकलीं. विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू व्याकरण मराठींत तयार केलें. ख्रिस्ती फारच थोडे झाले. परंतु त्यांचें स्वतःचें शास्त्र मात्र त्यांस मराठींतून परत मिळालें. मिशन शाळेंत शिकविणाऱ्या आम्हांस या गोष्टीचा खेद नाहीं, उलट अभिमानच आहे. पुढें १८७४ सालीं पुण्यास वल्हांडणाच्या विधीची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांतल्या स्त्रिया साड्या नेसलेल्या आहेत.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें व हा समाज मोठ्या संख्येनें तिकडे गेला. दिमोना, बैरशेबा, अश्दोद, लोद या गांवीं त्यांची वस्ती झाली. येथें ते ‘शनवार तेली’ होते, म्हणजे यहुदी. तेथें १९६२ सालीं मुख्य धर्मगुरूंच्या मंडळानें त्यांच्या विवाहांपूर्वीं वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनीं इतकीं शतकें शनिवार पाळला, त्यांनीं आपण यहुदी असल्याचें आतां सिद्ध करावें! १९६४ सालीं त्यांनीं यरुशलेमेंत निदर्शनें केलीं व अखेर त्यांचें पूर्ण यहुदित्व मान्य करावें लागलें. या झगड्यांत मलिदा त्यांनीं लपविला नाहीं, टाकलाही नाहीं. हैफा येथें एलीयाची म्हणून जी गुहा दाखवितात तेथें जाऊनही ते मलिदा करितात.

दिमोना हें वाळवंटांतील गांव; तेथें माड कोठून असणार? पण हिंदी जिन्नसांचीं दुकानें निघालीं, आणि पोहे, मसाले, खोबरें तेथें मिळूं लागलें. क्रिकेटही त्यांच्याबरोबर गेलें. राज कपूरचे चित्रपट तर साऱ्या इस्राएलांत लोकप्रिय झाले. ‘संगम’ (१९६४) तेथें फारच गाजला. याच समाजाचे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर आपल्याकडील बोलपटांत ‘डेव्हिड’ या एकाच नांवानें ओळखले जात. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील त्यांचा जॉन चाचा आमच्या वाचकांपैकीं आजोबांच्या पिढीस आठवत असेल.

भाषेची गोष्ट मात्र अवघड आहे. ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक इस्राएलांतून निघालें. नोहा मस्सील यांनीं तें संपादिलें. परंतु मुलें शाळेंत हिब्रू शिकलीं, सैन्यांत हिब्रू बोललीं, आणि नातवंडांची घरची भाषाही तीच झाली. आजी मराठींत रागें भरते, नातू हिब्रूंत उत्तर देतो, आणि दोघांसही एकमेकांचें नीट कळतें, असा हा व्यवहार. आडनांव पेणकर, पण पेण कोणत्या दिशेस हें ठाऊक नाहीं. ज्यास मराठी वाक्य जुळवितां येत नाहीं त्यासही मलिदा हा शब्द येतो, कारण त्यास दुसरा शब्दच नाहीं.

कर्जतच्या भात संशोधन केंद्रानें काढलेल्या भाताच्या जाती आमच्या विद्यार्थ्यांचे पालक लावितात. पोहे त्याच खाचरांतून निघतात. यंदाच्या सहलींत पनवेलचें प्रार्थनामंदिर पाहावयाचें झाल्यास मुलांनीं बाहेरची पाटी लक्षपूर्वक वाचावी, व तेथें कोणी वडीलधारें भेटल्यास त्यांच्याशीं नि:संकोच मराठींतच बोलावें.