‘महल’मधली रंजना

येवल्यात रंगांना तोटा नाही. पैठणीच्या दुकानावरून नुसते गेले तरी डोळे निवतात. परवा रात्री जेवणे आटोपल्यावर मी ‘महल’ लावला, तेव्हा माझी मुलगी हिरमुसली. “अम्मी, यात तर रंगच नाहीत!” अर्ध्या तासाने मात्र ती माझ्या दुपट्ट्याचे टोक धरून बसली होती.

‘महल’ आला 1949 साली. मुंबईच्या मालाडमधल्या बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट. कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच सिनेमा. मधुबाला, म्हणजे मुमताज जहाँ, तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती. छायाचित्रण जर्मनीहून आलेल्या जोसेफ विर्शिंग यांचे आणि संगीत खेमचंद प्रकाश यांचे.

गोष्ट अशी. शंकर (अशोककुमार) एका ओसाड महालात राहायला येतो. तिथे पूर्वीच्या मालकाची तसबीर आहे आणि चेहरा हुबेहूब शंकरचा! रात्री दोनचे टोले पडतात, दुरून गाणे ऐकू येते, झोपाळ्यावर एक मुलगी दिसते आणि नाहीशी होते. पडद्यावर ना रक्त, ना किंकाळ्या. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, एवढ्यावरच अंगावर काटा येतो. गाणे दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा, म्हणून लता मंगेशकर स्टुडिओत लांबून गात गात माइकपर्यंत चालत आल्या होत्या.

महालातल्या त्या मुलीचे गूढ शेवटी उकलते. ते इथे सांगत नाही. मला सांगायचे आहे ते रंजनाविषयी.

माझ्या सासूबाईंचा हा आवडता सिनेमा. पण मधुबालाचे नाव निघाले की त्या म्हणायच्या, “बिचारी रंजना!” मला तेव्हा नवल वाटायचे. रंजना ही शंकरची बायको. महालाचा विसर पडावा म्हणून त्याचे लग्न लावून दिलेले असते. तो तिला घेऊन दूर जातो, पण मनाने महालातच राहतो. दोनची वेळ झाली की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. समोर बसलेली बायको त्याला दिसत नाही. आणि तिचे दुःख ऐकणारे कोणी नाही. शेवटी ती जो मार्ग धरते तो चुकीचाच, तरी तिथवर ती एकटीच चालत गेली, हे विसरता येत नाही.

या वेळी मला कळले, की या सिनेमातली खरी भीती महालात नाही, ती त्या दोघांच्या संसारात आहे. वहम एकाच्या मनात शिरतो आणि किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. वहम भुताचाच असतो असे नाही. कुणाला जुन्या प्रेमाचा, कुणाला संशयाचा. आता तर रात्री दोनपर्यंत हातातल्या मोबाइलमध्येही एक महाल उभा असतो.

सिनेमा संपल्यावर मुलीने विचारले, “अब्बा, तो तिच्याशी बोलत का नव्हता?” तिच्या अब्बांनी फोन बाजूला ठेवला. त्या रात्री आम्ही तिघे बराच वेळ बोलत बसलो.

घरच्यांसोबत ‘महल’ जरूर पाहा. मुले जरा मोठी असू द्या. गाण्यासाठी पाहा, मधुबालासाठी पाहा, आणि रंजना पडद्यावर आली की तिच्याकडेही लक्ष द्या.