मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा?

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की वाशिष्ठीच्या मुखापलीकडे अंजनवेल-वेलदूरचा किनारा दिसतो. एन्रॉनचा वीजप्रकल्प झाला त्या पलीकडच्या बाजूला, पण कंपनीने नाव घेतले आमच्या दाभोळचे. शेकडो वर्षांपूर्वी याच बंदरातून गलबते होर्मुझला जात असत. तेव्हा परमुलखाशी व्यवहार आम्हाला नवा नव्हता. नवे एवढेच, की या वेळी समोरचा व्यापारी दिसत नव्हता.

जागतिकीकरण हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला तो त्या दिवसांत. (मी कवी माणूस, अर्थशास्त्राशी माझा संबंध बी. ए.च्या एका पेपरापुरता.) वेलदूरच्या एका म्हाताऱ्या खालांनी तो मला एका प्रश्नात समजावला. म्हणाल्या, ''तलाठी ठाऊक आहे, आमदार ठाऊक आहे. या कंपनीचा मालक राहतो कुठं?'' मी म्हटले, ''अमेरिकेत, ह्यूस्टनला.'' ''मग मोर्चा तिथं पोचायचा कधी, बाबा?''

हसण्यावारी न्यावा असा तो प्रश्न नव्हता. १९९२ साली सामंजस्य करार झाला. १९९५ मध्ये मतदारांनी राज्यातले सरकार बदलले, नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली आणि पुढच्याच वर्षी फेरकरार होऊन तोच प्रकल्प पुन्हा उभा राहिला. मत देऊनही निर्णय बदलत नाही, असे दिसले की माणसे दोन गोष्टी करतात. काही रस्त्यावर उतरतात. काही घरी बसतात, कारण ठेकेदाराकडे मुलगा कामाला लागलेला असतो. एकाच घरात मी दोन्ही पाहिले आहे, आणि घरी बसणाऱ्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले. बरेच पुरुष मासेमारीसाठी समुद्रावर होते. पोलिसांना तोंड द्यावे लागले ते बायकांना. पुढच्याच महिन्यात ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने या दडपशाहीवर अहवाल काढला. १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या न्यूयॉर्कच्या संस्थेनेही काढला. मोर्चा ह्यूस्टनला पोचला नाही, पण मारहाणीची बातमी समुद्रापार गेली. भांडवल ज्या वाटेने आले, त्याच वाटेने गाऱ्हाणेही गेले म्हणा ना! त्याने प्रकल्प मात्र थांबला नाही. तो बंद पडला २००१ मध्ये, वीज मंडळाला त्या विजेचा दर पेलेना म्हणून. त्याच डिसेंबरात अमेरिकेत कंपनीचेही दिवाळे निघाले.

यापेक्षा अवघड गाठ मी पुढे राजापूर तालुक्यात पाहिली. नाणारच्या रिफायनरीत २०१८ साली सौदी अरामको भागीदार म्हणून आली. कोकणातल्या आम्हा मुसलमानांची किती घरे आखातातल्या पगारावर उभी आहेत, हे वेगळे सांगायला नको. ज्या मुलखातून घराला पैसा येतो, त्याच मुलखातून जमिनीला गिऱ्हाईक आले. आता घोषणा कोणाविरुद्ध द्यायची? नाणारची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये मागे घेतली गेली. प्रकल्पासाठी मग बारसूचे नाव पुढे आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सड्यावर मातीची तपासणी अडवायला बायका भर उन्हात आडव्या झाल्या. गावचे तरुण मुंबईत नाहीतर परदेशात. ते मोबाइलवर पाहत होते.

नाणारच्या वेळी माझ्या मामेभावाने दम्मामहून मला फोन केला होता. त्याचे घर साखरीनाट्याला, मासेमारीचे. ''भाईजान, सभेला जरूर जा. पण फोटो कुठं टाकू नका. इथं माझा व्हिसा आहे.'' मग त्याने बायकोलाही फोन करून जाऊ नको म्हणून बजावले.

भावजय सभेला गेलीच. मोबाइल तेवढा घरी सासूपाशी ठेवून गेली.