जबड्यातील गाठ आणि २३२ दात

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जुलै २०१४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील १७ वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या जबड्यातून तब्बल २३२ लहानमोठे दात काढण्यात आले. दंतविभागाच्या तत्कालीन प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे-पालवणकर यांच्या पथकाने केलेली ही शस्त्रक्रिया सुमारे ७ तास चालली. दीड वर्षापासून मुलाचा जबडा सुजलेला होता. हा कर्करोग तर नसेल, या धास्तीने वडिलांनी त्याला मुंबईला आणले होते. गाठीतून आधी मोत्यांसारखे दाणे एकेक करून निघाले. मात्र तळाशी असलेला टणक गोळा काढण्यासाठी छिन्नी-हातोडा वापरावा लागला.

या विकाराला ‘ओडोन्टोमा’ म्हणतात. गणना गाठींमध्ये होत असली तरी हा कर्करोग नव्हे. ती दाताच्या घडणीतील विकृती होय. दंतवल्क, दंतिन असे दाताचे सर्व घटक तयार होतात, पण त्यांची मांडणी बिघडते. एका प्रकारात चिमुकले दात बनतात, दुसऱ्यात नुसता बेढब गोळा. नेमके कारण निश्चित झालेले नाही; लहानपणीची इजा, जंतुसंसर्ग व आनुवंशिकता यांच्याकडे बोट दाखवले जाते.

ही गाठ सहसा दुखत नाही आणि खरी अडचण तीच आहे. पुष्कळदा ती दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या क्ष-किरण चित्रात आढळते. पालकांना दिसू शकणारी एक खूण म्हणजे वेळेवर न आलेला दात. वरचे पुढचे कायमचे दात साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षी येतात. एका बाजूचा दात येऊन सहा महिने लोटले तरी दुसऱ्या बाजूचा येत नसेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. चित्रात गडद पांढरा पुंजका व त्याभोवती काळसर कडा दिसते. गाठ मोठी असल्यास सीटी स्कॅन करतात.

औषधाने ही गाठ विरघळत नाही. ती आवरणासह काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते. पूर्ण काढल्यास ती सहसा पुन्हा होत नाही. अडकलेला कायमचा दात शक्यतो राखला जातो. तो आपोआप न आल्यास तारेच्या साहाय्याने खाली ओढता येतो.

चेन्नईत २०१९ मध्ये सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले. सूज तिसऱ्या वर्षीच दिसली होती, पण मूल तपासणी करू देत नव्हते. बुलडाण्याच्या मुलाच्या तोंडात शस्त्रक्रियेनंतर २८ दात राहिले.