ब्राउझर सारखा बंद पडतोय? एका वेळी एकच गोष्ट बदला



पीएचडी प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. रात्री विभागातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. "दादा, फोटो अपलोड करायला गेले की ब्राउझर बंद पडतो. तीनदा झालं. सगळा फॉर्म परत कोरा!" तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. जे काही करायचं ते फोनवरूनच.

मी तिला काय सांगितलं? जे आपण सगळेच सांगतो. ब्राउझर अपडेट कर, डेटा क्लिअर कर, फोन रिस्टार्ट कर. तिने तिन्ही केलं. डेटा क्लिअर केल्यावर लॉगिन गेलं, पासवर्ड आठवेना, ओटीपी लवकर येईना. कसाबसा साडेअकराला फॉर्म गेला. आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय संपला.

दहा दिवसांनी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना पुन्हा तेच! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या वेळी काम झालं होतं, पण आम्हाला कळलं काहीच नव्हतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या. त्यातली कुठली उपयोगी पडली, की एकही नाही, हे सांगायला आता मार्गच नव्हता. लॅबमध्ये असं कुणी केलं असतं तर मीच त्याला ओरडलो असतो.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही हा प्रश्न प्रयोगासारखा हाताळला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा सराव तुमच्या खिशातल्या फोनवरही करता येतो.

१. आधी निरीक्षण, मग नाव

"क्रॅश होतो" हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टींना आपण क्रॅश म्हणतो. एक, पूर्ण ॲप बंद होऊन फोनची होम स्क्रीन दिसते. दोन, ब्राउझर चालू राहतो, पण ते एकच पान मरतं आणि एररचा संदेश येतो. क्रोमसारखे ब्राउझर पानं वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतात, म्हणून असं होऊ शकतं. तीन, तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत येता आणि पान पहिल्यापासून लोड होतं.

हा तिसरा प्रकार मुळात क्रॅश नाहीच. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागे ठेवलेली ॲप स्वतःच बंद करतो. ब्राउझरमध्ये काही बिघडलेलं नसतं.

मी तिला विचारलं, "नेमकं कधी होतं?" ती म्हणाली, "कॅमेऱ्याने फोटो काढून परत आले की." हा प्रश्न मी पहिल्या रात्री विचारलाच नव्हता.

२. बिघाड मुद्दाम घडवून आणा

जो बिघाड हवा तेव्हा घडवता येत नाही, तो दुरुस्त झाला की नाही हेही ठरवता येत नाही. आम्ही फॉर्म न भरता फक्त फोटोची पायरी पाच वेळा केली, मागे नेहमीची सगळी ॲप उघडी ठेवून. पाचपैकी चार वेळा पान कोरं झालं. ही आमची बेसलाइन.

३. एका वेळी एक बदल, आणि आधी तो जो परत फिरवता येतो

क्रम महत्त्वाचा आहे. मागची ॲप बंद करणं, जास्तीचे टॅब बंद करणं, इन्कॉग्निटोमध्ये तेच पान उघडून बघणं, यात काही गमावत नाही. नंतर कॅशे क्लिअर करा. त्याने फक्त तात्पुरत्या फाइली जातात. डेटा किंवा स्टोरेज क्लिअर करणं सगळ्यात शेवटी, कारण त्यात लॉगिन, उघडे टॅब, सेटिंग सगळं जातं. आणि त्यासोबत पुरावाही जातो! नमुना तपासायच्या आधीच तो धुऊन टाकल्यासारखं आहे हे.

आम्ही एकच गोष्ट बदलली: फोटो आधी काढून ठेवला आणि फॉर्ममध्ये गॅलरीतून निवडला. बाकी सगळं तसंच. पाचपैकी एकदाही पान कोरं झालं नाही. मग परत कॅमेऱ्याकडे वळलो, आणि बिघाडही परत आला. हा उलट फेरा विसरू नका. बदल काढून घेतल्यावर बिघाड परत येत असेल, तरच त्या बदलावर भरवसा वाढतो. पाच-पाच वेळा करून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण "झालं बुवा काहीतरी" यापेक्षा हे बरंच पुढचं आहे.

४. तुलना खरंच स्वतंत्र आहे का?

"दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघ" हा सल्ला चांगला आहे, पण त्यात एक गोम आहे. अँड्रॉइडवर क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा हे सगळे क्रोमियमवर बांधलेले आहेत. क्रोममध्ये बंद पडलेलं पान ब्रेव्हमध्येही बंद पडलं, तर ती दुसरी साक्ष झाली नाही, त्याच घरातल्या भावाची साक्ष झाली. फायरफॉक्सचं इंजिन गेको, म्हणजे वेगळं, तिथे तपासा. दोन पेपर एकाच डेटासेटवर आधारलेले असतील तर त्यांना दोन पुरावे म्हणायचं का, हा प्रश्नही याच जातीचा आहे.

५. दोष दिसतो तिथेच असेल असं नाही

मार्च २०२१ मध्ये अनेक अँड्रॉइड फोनवर जीमेलसह कितीतरी ॲप एकाएकी बंद पडू लागली. लोक एकेक ॲप काढून परत टाकत बसले. दोष मात्र अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यूमध्ये होता. ॲपच्या आत वेबपान दाखवण्याचं काम हा घटक करतो. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचं अपडेट दिलं तेव्हा प्रश्न सुटला. अनेक वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडल्या, तर आधी त्यांच्यातलं सामाईक काय ते शोधा.

आता करायचं एवढंच: पुढच्या वेळी फोन रुसला की वहीत चार रकाने आखा. काय बदललं, किती वेळा केलं, किती वेळा बिघडलं, पूर्ववत केल्यावर काय झालं. पाच मिनिटं लागतात.

ज्युनिअरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्या दिवशी दुपारीच गेला. तिने ही युक्ती हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनाही सांगितली, आणि मुख्य म्हणजे ती का चालते हेही सांगू शकली.